श्रमदानाला सगळा गाव, ठरवायला कोण?

माळरान:
आमच्या मराठवाड्यातल्या गावात काही वर्षांपूर्वी पाणी अडवायला भर उन्हाळ्यात दीड महिना श्रमदान झालं. मीही रोज पहाटे टिकाव घेऊन जायचो. माझ्या शेजारी घमेलं उचलणारी बाई भूमिहीन. ऊसतोडीवरून येऊन तिला पंधरा दिवसही झाले नव्हते. माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवे खोदतात ते, खोदले, पाऊस झाला आणि पायथ्याच्या विहिरींना पाणी आलं. आमच्या विहिरीच्या सात पायऱ्या बुडाल्या. पुढच्याच वर्षी त्या पाण्यावर सहा जणांनी ऊस लावला आणि मार्चमध्ये त्या बाईच्या वस्तीवरचा हापसा पुन्हा कोरडा पडला. चर कुठून काढायचे हे आम्ही फूटपट्टी लावून ठरवलं होतं. पाणी कोणी किती उपसायचं, यावर मात्र एक बैठक झाली नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आणि कोणी किती वापरायचं याचा हिशोब आधी, टिकाव मागून. नुसते हात मागायचे आणि त्याला लोकसहभाग म्हणायचं, हे मला पटत नाही.

पाणवठा:
माळरानदादा, ऊस लावणाऱ्यांवरचा तुमचा राग रास्त आहे, पण क्रम चुकतोय. कोरड्या गावात पाणीवाटपाची सभा बोलावली तर भांडणाशिवाय काही निघत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे कडू निर्णय गावाला पचले, कारण माणसं आधी एकत्र राबली होती. त्यातून एकमेकांवर विश्वास बसला. आता तिथे दरवर्षी किती पाऊस पडला ते मोजून रब्बीचं पीक ग्रामसभेत ठरतं. तुम्ही पहिल्याच दिवशी ताळेबंद मागितला असता, तर तो चरही झाला नसता.

झाडीपट्टी:
आमच्या गडचिरोलीत मेंढा लेखा बघा. तिथे निर्णय सर्वसहमतीनं होतात. एकाचं जरी पटलं नाही तरी पुन्हा बसायचं. वेळ लागतो, पण झालेला निर्णय सगळे पाळतात. याच ग्रामसभेनं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा हक्क, मिळवला आणि 2011 पासून आपला बांबू आपणच विकला. ठरवण्याचा अधिकार हातात असला की राबायला कुणाला हाका माराव्या लागत नाहीत.

पाणवठा:
मेंढा शंभरेक घरांचं, सगळी गोंड. आमच्याकडे चार हजार वस्ती, दोन गट आणि एक न मिटलेला बांधाचा वाद. सर्वसहमतीची वाट बघत बसलो तर एक पावसाळा हातचा जाईल.

मस्टर:
भूमिहीनांकडून श्रमदान मागायचंच कशाला? चर, बांधबंदिस्ती, शेततळं ही रोजगार हमीतली कामं आहेत. काम मागण्याचा हक्क महाराष्ट्रानं 1977 च्या कायद्यानं दिला. विहीर ज्याची त्यानं घाम गाळावा; जिच्याकडे विहीरच नाही तिला मजुरी मिळालीच पाहिजे.

पाणवठा:
तत्त्व मान्य. पण मागणी, मंजुरी, मोजमाप, मग थकलेली मजुरी… पाऊस तोवर थांबत नाही, भाऊ.

तांडा:
मी ग्रामपंचायत सदस्य आहे, म्हणून थोडं कडवट लिहिते. ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार लागतात, जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! आमच्याकडे सभा सकाळी अकराला. त्या वेळी बाया खुरपणीला. रोज बुडवून कोण येईल? मग शिपाई रजिस्टर घेऊन संध्याकाळी दारोदार सह्या मागत फिरतो. ग्रामसभा आधी म्हणणाऱ्यांनी आधी ती कुठे आणि किती वाजता भरते ते बघावं.

माळरान:
ताई, हे मला सुचलंच नव्हतं. पाणवठादादा, एकत्र राबल्यानं जीव लागतो हे मी स्वतः अनुभवलंय, तेवढं तुमचं खरं. पण आमच्या गावात तो विश्वास ऊस लावणाऱ्यांच्या बांधापाशीच संपला, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती बाई श्रमदानाला आली नाही. तिला बोलवायला जायची माझी हिंमत झाली नाही.

यंदा ग्रामसभेआधीची बायकांची महिला सभा रात्री आठला वस्तीवरच घेतली, हापशाजवळ. तिनं एकच विचारलं, “हापशाला पाणी येईस्तोवर वरच्या मोटारी बंद ठेवता का?” तिच्याच शब्दांत लिहून घेतलंय. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय येईल. सहापैकी दोघं तयार आहेत, चौघांच्या घरी जाणं बाकी आहे. त्यातलं एक घर माझ्या सख्ख्या चुलत्यांचं.