गोठ्यातील अनुभव आणि पशुवैद्यकीय पीएचडीचा विषय : निवड करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार,

माझे बालपण शेतावर, दुभत्या गाईंच्या गोठ्यात गेले. पशुवैद्यकीय पदवी आणि पशुचिकित्सा विषयातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी आता पीएचडीला प्रवेश घेणार आहे. पुढे अध्यापन आणि संशोधन करायचे हे नक्की आहे, परंतु विषय कोणत्या बाजूने हाती घ्यावा याचा निर्णय होत नाही.

मी नऊ वर्षांची असताना आमची एक गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे उठेना. मान वळवून तिने डोके कुशीवर टेकवले होते, कान गार पडले होते. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियम सोडले आणि एका हाताने बाटली उंच धरून, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीला लावून ते शेवटच्या थेंबापर्यंत ठोके ऐकत राहिले. हे औषध घाईने दिले तर हृदय बंद पडू शकते, हे मला पुष्कळ वर्षांनी वर्गात कळले. तासाभरात गाय उभी राहिली. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम फिरत असते आणि 10 लिटर चिकातून 20 ग्रॅमहून अधिक बाहेर जाते, हा हिशेब पुस्तकात प्रथम वाचला तेव्हा मला तीच गाय आठवली. दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातील कॅल्शियम घटून गाय बसण्याचा आजार, हाच माझा विषय, हे बहुधा त्याच वेळी ठरले.

आमचे वडील आटवलेल्या गाभण गाईंना लसूणघास कधीच देत नाहीत. त्यांच्या मते घासातून कॅल्शियम आयते मिळाले की गाईच्या शरीराची हाडांतून ते काढण्याची सवय मोडते आणि व्याल्यावर ती बसते. जुन्या पाठ्यपुस्तकांतही असेच स्पष्टीकरण होते. मात्र 1990 च्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले की यात मोठा वाटा घासातील पोटॅशियमचा आहे : त्यामुळे रक्त अल्कधर्मी होते आणि रक्तातील कॅल्शियम वाढवणाऱ्या पॅराथायरॉइड संप्रेरकाचा संदेश हाडांपर्यंत व मूत्रपिंडांपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणजे वडिलांचे निरीक्षण अचूक होते, कारण मात्र बरेचसे वेगळे निघाले. याचा माझ्या मनावर खोल परिणाम झाला आहे, कारण गोठ्यातून मी जे जे शिकून आले त्यातले निरीक्षण किती आणि गृहीतक किती, हे मला अजून वेगळे करता येत नाही.

माझ्यासमोर दोन जागा आहेत. पहिल्या जागी अनेक गोठ्यांतील गाईंचे रक्तनमुने व्याल्यानंतरचे काही दिवस घेऊन छुप्या कॅल्शियम कमतरतेचा अभ्यास करायचा आहे. अशी गाय उभी असते, चारा खाते, आणि तरीही तिच्या रक्तातील कॅल्शियम प्रति डेसिलिटर 8 ते 8.5 मिलिग्रॅमच्या खाली गेलेले असते. व्याल्याबरोबर होणारी तात्पुरती घट आणि चौथ्या दिवशीही टिकून राहिलेली घट यांचे परिणाम सारखे नसतात, म्हणून एका नमुन्यावर भागत नाही. जनावर नुसते पाहून आजार ओळखण्याची जी नजर मला घरातून मिळाली असे मी मानत आले, ती येथे उपयोगी पडत नाही, आणि नेमके याच कारणाने हा प्रश्न मला ओढून घेतो. दुसऱ्या जागी प्रयोगशाळेत पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहींवर, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या पेशींवरील रेणूंवर, काम आहे. तेथे पद्धतीची शिस्त अधिक कडक मिळेल, परंतु चार वर्षे जनावराला हात लागणार नाही. ज्यांनी अशी वर्षे प्रयोगशाळेत काढली त्यांना नंतर विद्यार्थ्यांसमोर आडवे आलेले वासरू सोडवताना किंवा गाभण तपासणी करताना हात पूर्वीसारखा चालला का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आणखी एक प्रश्न आहे आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. पहिली जागा घेतल्यास आमच्या 22 गाई अभ्यासात घ्याव्यात, असे वडील आग्रहाने म्हणत आहेत. त्यांचे वय झाले आहे, गोठा पुढे किती वर्षे चालेल हे सांगता येत नाही, आणि त्या गाईंच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे वहीत स्वतःच्या हाताने ठेवल्या आहेत. नियोजित मार्गदर्शकांचे म्हणणे असे की मी प्रत्येक गाय नावाने ओळखते, त्यामुळे माझ्याकडून नकळत पक्षपात होईल. नमुन्यांवर केवळ क्रमांक घालून तपासणी दुसऱ्या व्यक्तीने केली, तर हा आक्षेप दूर होतो का? की घरचा गोठा मुख्य अभ्यासाबाहेर ठेवून त्याचा उपयोग केवळ नमुने घेण्याच्या पद्धतीची पूर्वचाचणी करण्यासाठी करावा? वडिलांच्या वहीला शास्त्रीय नोंद म्हणून कितपत स्थान देता येईल?

मला दोन महिन्यांत होकार कळवायचा आहे. जे स्वतः शेतीच्या घरातून येऊन या क्षेत्रात शिकवत आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा, विशेषतः घरच्या जनावरांवर संशोधन केले असल्यास.