मुलांना फ्लूची लस नाकातूनच द्यायला हवी

मृण्मयी: २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने अख्खं पुणं तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. वर्षभरात, जुलै २०१०मध्ये, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस, नॅसोवॅक, बाजारात आणली. दोन्ही नाकपुड्यांत पाव-पाव मिली, की झालं. फ्लू शिरतो नाकातून. दंडातल्या सुईने रक्तात प्रतिपिंडं होतात, पण नाकाच्या ओल्या अस्तरात पहारा जेमतेमच बसतो. माझा लेक सुई दिसली की दवाखान्याच्या दाराची कडी धरून बसतो, सुटता सुटत नाही. मुलांसाठी फवाराच पहिला पर्याय हवा.

सतीश: रडणं दोन मिनिटांचं असतं, त्यावर लस ठरवू नका. अमेरिकेत २००३ पासून फ्लूमिस्ट ही अशीच नाकातली लस आहे. २०१६मध्ये तिथल्याच लसीकरण सल्लागार समितीने 'वापरू नका' सांगितलं, कारण मुलांमध्ये तिचा उपयोगच दिसेना. नॅसोवॅकचंही तेच. बांगलादेशातल्या चाचणीत ५७.५ टक्के परिणाम, सेनेगलमध्ये शून्य! लस तीच. आपल्याकडे काय होईल, कशाच्या भरवशावर सांगता?

मृण्मयी: अमेरिकेतली गोष्ट अर्धीच सांगितलीत. लसीतला एच१एन१चा, म्हणजे स्वाइन फ्लूच्या विषाणूचा, वाण नाकातल्या पेशींत नीट वाढत नव्हता. तो बदलला आणि २०१८-१९च्या हंगामात लस परत आली. ब्रिटन तर २०१३ पासून मुलांना देतंय, मधे थांबलंही नाही. सेनेगलचं मात्र मान्य, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सतीश: आणि विषाणू जिवंत असतो, ते?

मृण्मयी: जिवंत, पण दुबळा केलेला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मॅसाब या शास्त्रज्ञांनी तो वाढवत वाढवत २५ अंशांच्या गारव्याला सरावला. नाक थंड, तिथे तो वाढतो. फुफ्फुसांच्या उबेत त्याचं काही चालत नाही.

सुनंदा (आरोग्यसेविका): ताई, तुमचं पटतं. शाळेत एकाला टोचलं की मागची सगळी रांग रडायला लागते, ते मी रोज बघते. पण नाक चोंदलेलं असेल तर थांबावं लागतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे शेंबडी नाकंच जास्त.

सतीश: माझी नात तीन वर्षांची. सर्दी झाली की छातीत घरघर सुरू. अशा मुलांना ही लस देतच नाहीत. म्हणजे जिला फ्लूची खरी भीती, तिला सुईच. म्हणून म्हणतो, 'फवाराच' म्हणू नका, 'फवाराही' म्हणा.

मृण्मयी: काका, तिच्यासाठी सुईच. पण तिच्या बालवाडीतल्या बाकीच्यांना फवारा मिळाला, तर तिच्यापर्यंत फ्लू येईलच कमी. मी भांडतेय ते त्यासाठी.