उत्तर: युद्धातला गुन्हा आणि आजचा खून

कादंबरीत दुसऱ्या महायुद्धातल्या गुन्ह्याची आजच्या खुनाशी घातलेली सांगड ओढूनताणून वाटते, ऐंशी वर्षांनी कोणाला काय पडलंय, असं एका वाचकाने म्हटलंय. मला नाही पटत. १९४४च्या मार्चमध्ये ‘बेहार’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज मुंबईकडे येत असताना ‘टोने’ या जपानी क्रूझरने हिंदी महासागरात बुडवलं. वाचलेल्यांना वर घेतलं, आणि पुढे त्यातल्या बहुतेकांना ठार केलं. खलाशांत हिंदी माणसंही होती. ठार करायचा हुकूम देणाऱ्या जपानी अ‍ॅडमिरल साकोन्जूला युद्धानंतर फाशी झाली, क्रूझरच्या कप्तानाला फक्त सात वर्षं! थ्रिलरला याहून चांगलं बी कुठलं?

आमच्या जयगडकडे बोटीवर गेलेल्या आज्याची वही अजून ट्रंकेत जपणारी घरं आहेत. विषय काढला की म्हातारी माणसं गप्प होतात.