विषय: रविवारचे प्रदर्शन – दोरी कडियाळाला की नाकपट्टीला?

बुधवार, रात्री ९.४०
प्रेषक: छकुलीची आई

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या घोड्यांच्या प्रदर्शनासाठी छकुलीचे आणि भोपळा या तट्टूचे नाव अखेर नोंदवले आहे. भोपळा कोण, हे गेल्या सहलीत ज्यांची टोपी त्याने चावून टाकली त्यांना सांगायला नको. वर्ग लीड रेनचा आहे, म्हणजे छकुली खोगिरावर बसेल आणि तिचे बाबा दोरी धरून डाव्या बाजूने चालतील. शिरस्त्राण, टाचेचे बूट, पाठीवरचा क्रमांक, लसीकरणाच्या नोंदी ही सगळी तयारी झाली आहे. घोडे पेंड खाते ते एकाच जागी.

माहितीपत्रकात ‘चालवणाऱ्याने दोरी हातात धरावी’ एवढेच लिहिले आहे; दोरीचे दुसरे टोक कोठे अडकवावे याबद्दल त्यात अक्षर नाही. पागेत ती नाकपट्टीला, म्हणजे नाकावरून जाणाऱ्या चामड्याच्या पट्टीला लावतात. गेल्या शनिवारी तशीच लावली असताना भोपळ्याने मैदानाच्या मध्यभागी गवतासाठी एकदम मान खाली घातली आणि छकुली त्याच्या मानेवरून घसरत थेट कानांपर्यंत पोहोचली. ती हसली, मला मात्र हसू आले नाही. हे कळल्यावर काकांनी दूरध्वनीवर सांगितले की दोरी सरळ कडियाळाला, म्हणजे लगाम जोडलेल्या तोंडातल्या दांडीला लाव, मान खाली जाणारच नाही. सरावाला आता एकच शनिवार उरला आहे, तेव्हा उद्या रात्रीपर्यंत कोणीतरी नक्की काय ते सांगावे. उत्तरे कृपया मुद्द्याला धरून असावीत.

आपली,
छकुलीची आई

गुरुवार, सकाळी ६.१०
प्रेषक: काका

अनेक आशीर्वाद.

मी दूरध्वनीवर जे सांगितले तेच येथे लेखी देतो. भोपळा तुम्हाला लहान दिसतो, परंतु तो सुमारे दोनशे किलोंचे जनावर आहे आणि त्याचे सगळे बळ मानेत आहे. नाकपट्टी ही नुसती चामड्याची पट्टी. तिला धरून त्याला अडवणे म्हणजे बैलगाडी दोऱ्याने थांबवण्यासारखे आहे. कडियाळ तोंडात असते, त्यामुळे मनगटाची इंचभर हालचालसुद्धा पुरते.

माझ्या थोरल्याच्या पहिल्या प्रदर्शनाची गोष्ट जुन्या सभासदांना ठाऊक आहेच. दोरी मोहरकीला, म्हणजे कडियाळ नसलेल्या डोक्यावरच्या पट्ट्यांना होती, समोर कोणाची तरी छत्री फटकन उघडली, तट्टू बुजले आणि मला ओढत मांडवाच्या ताणदोऱ्यांतून थेट पंचांच्या टेबलापर्यंत घेऊन गेले. थोरला शेवटपर्यंत बसून राहिला, पडलो तो मी. त्या दिवसापासून मी मोहरकीवर विश्वास ठेवलेला नाही.

जाता जाता एक विनंती. या यादीवर जो तो ‘बिट, बिट’ लिहितो. त्याला मराठीत कडियाळ म्हणतात, आणि हा शब्द आपण वापरला नाही तर दुसरे कोणी येऊन वापरणार नाही.

गुरुवार, दुपारी १.०५
प्रेषक: पंच-ताई

काकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखून मी याच्या नेमके उलट सांगणार आहे.

कडियाळाच्या एकाच बाजूच्या कडीला दोरी अडकवली की ओढ एकाच बाजूने बसते. मध्ये सांधा असलेले कडियाळ मग तोंडातून त्या बाजूला सरकते आणि पलीकडची कडी गालावर रुतते. शिवाय त्याच कडियाळाला छकुलीचा लगामही आहे. एकाच तोंडावर दोन माणसांचे हात, त्यातले एक माणूस पाच वर्षांचे, आणि तोल गेला की तेही लगामच धरणार. अशा वेळी जनावराने नेमके कोणाचे ऐकावे? दोन हात एकदम बोलले की तोंड दुखल्यामुळे तट्टू मान वर फेकते, मागे सरकते, आणि एखादे मागच्या पायांवर उभेही राहते. मान खाली गेली तर मूल घसरते. तट्टू उभे राहिले तर काय होते, ते मला येथे लिहायचे नाही.

काकांच्या गोष्टीकडेही वेगळ्या नजरेने पाहता येईल. तट्टू बुजून धावले तेव्हा दोरीवर काकांचा सगळा भार होता. तो भार मोहरकीऐवजी कडियाळावर पडला असता, तर थोरला बसून राहिला असता असे मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये प्रदर्शनांच्या लीड रेन वर्गांत दोरी नाकपट्टीलाच असावी असा नियम आहे, आणि तो उगीच केलेला नाही. आपले संयोजक कोणता नियम पाळतात हे त्यांनाच विचारावे. पत्रकात लिहिले नाही याचा अर्थ वाटेल ते चालते असा होत नाही.

आता गवताबद्दल. गेल्या शनिवारी मी कुंपणापाशी उभी होते. भोपळ्याने मान खाली घातली ती चालताना नाही, उभे राहिल्यावर. दोरी सैल होती आणि छकुलीचे बाबा तिच्याशी बोलत होते. तट्टू चलाख असते. एकदा मान खाली घालून घास मिळाला की ते दुसऱ्यांदा विचारत नाही. म्हणून चालवणाऱ्याने त्याच्या खांद्याशी राहावे, त्याच्या पुढे जाऊ नये, हात नाकपट्टीपासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि डोळा कानांवर ठेवावा. मान खाली झुकू लागली की ती वर ओढत बसू नये. त्या ओढाओढीत तट्टूच जिंकते. त्याला सरळ पुढे चालवावे, कारण चालते तट्टू चरत नाही. रिंगणात जाण्यापूर्वी तासभर त्याच्यापुढे वाळल्या गवताची जाळी असावी, म्हणजे पोट रिकामे राहणार नाही.

दोरीचा उरलेला भाग हातात घड्या घालून धरावा. तिचा वेढा हाताला देऊ नये, हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी देतेच.

गुरुवार, दुपारी ३.५०
प्रेषक: जुळ्यांचे बाबा

ताईंचे म्हणणे पटले, परंतु गवताचा प्रश्न असा चालून चालून सुटत नाही असा आमचा अनुभव आहे. आमच्या दोघींच्या तट्टूला आम्ही गवतदोरी लावत असू: कडियाळाच्या दोन्ही कड्यांपासून खोगिराच्या पुढच्या कड्यांपर्यंत दोन बारीक दोऱ्या, एवढ्याच लांबीच्या की मान मोकळी राहावी पण नाक जमिनीला लागू नये. मोठीने तर त्यावर मणी ओवले होते. भोपळ्याला ती लावली तर नाकपट्टी की कडियाळ हा वादच राहत नाही. आमची जोडी माळ्यावर पडून आहे, कोणाला हवी असल्यास कळवावे.

गुरुवार, सायंकाळी ५.२०
प्रेषक: पंच-ताई

गवतदोरी सरावापुरती चांगली आहे आणि पागेत ती सर्रास वापरतात. प्रदर्शनाच्या वर्गात मात्र तिला बहुधा परवानगी नसते, कारण तेथे तट्टूची रीत आपल्या आपण कशी आहे हेच पाहायचे असते. मण्यांसह तर नक्कीच नसेल.

गुरुवार, रात्री ८.१५
प्रेषक: चिटणीस

सर्व सभासदांस नमस्कार.

ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, याची नम्र आठवण करून देतो. तथापि १९ सभासदांनी रविवारी प्रोत्साहनासाठी येण्याचे कळवले असल्यामुळे हा विषय आता मंडळाचाच झाला आहे, असे समजून पुढील व्यवस्था मांडतो. सर्वांनी साडेनऊ वाजता रिंगणाच्या दक्षिणेकडील दोरीपाशी जमावे. मंडळाचा मोठा फलक मी घेऊन येईन. तो धरण्यासाठी दोन उंच व्यक्ती हव्या आहेत. छकुली समोरून जाईल तेव्हा सर्वांनी एकदम टाळ्या वाजवाव्यात.

टोपीबद्दल मी काहीही म्हणणार नाही.

गुरुवार, रात्री ९.३०
प्रेषक: डॉक्टर

चिटणीस, कृपया फलक आणू नका.

मी जनावरांचा डॉक्टर म्हणून लिहितो आहे, कार्यकारिणीचा माजी सदस्य म्हणून नव्हे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते. कपाळापुढचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा एवढेच त्याच्या नजरेतून सुटते. म्हणजे दक्षिणेकडे फडफडणारा फलक त्याला रिंगणाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसेल, आणि तो फलक आहे हे त्याला कोणीही समजावून सांगू शकणार नाही. १९ जणांच्या एकदम टाळ्याही नकोत. शर्यत संपून सगळे बाहेर आल्यावर हव्या तेवढ्या वाजवा. छत्र्या मिटलेल्याच ठेवा, आणि शेपटीच्या बाजूने जवळ जाऊ नका. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा.

आता ज्याबद्दल कोणी लिहिले नाही ते. बादली स्वतःची न्या, पाणीही शक्यतो पागेतलेच न्या. वेगळ्या वासाचे पाणी पुष्कळ तट्टे तोंडात घेत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याच्या बादलीतले पाणी त्याला देऊ नका आणि शेजारच्या घोड्याच्या नाकाला नाक लावू देऊ नका, मुलांना ते कितीही गोड वाटले तरी. स्ट्रँगल्स नावाचा घशाखालच्या गाठी सुजवणारा संसर्ग असाच पसरतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण ३ ते १४ दिवस लागतात, त्यामुळे तेथे आलेले जनावर दिसायला धडधाकट असले तरी त्यावरून काही कळत नाही. परत आल्यावर पंधरा दिवस सकाळी भोपळ्याचा ताप पाहावा, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे नेहमीचे समजावे.

त्याचे पहिलेच प्रदर्शन आहे, तेव्हा शेपटीला हिरवी फीत बांधा, म्हणजे नवखा आहे हे मागच्यांना कळेल. लाल फीत लाथ झाडणाऱ्यासाठी असते. गेल्या सहलीत कोणीतरी हौसेने त्याला लाल बांधली होती आणि मग सगळे त्याच्यापासून इतके लांब का उभे आहेत याचे आश्चर्य करत होते.

गुरुवार, रात्री १०.०५
प्रेषक: चिटणीस

डॉक्टरांच्या सूचनेची नोंद घेतली. फलक कार्यकारिणीच्या ठरावानुसार केलेला आहे आणि तो कोठे न्यावा याचा निर्णयही कार्यकारिणीच घेते, एवढे नमूद करून मी तो आणणार नाही. प्रदर्शनातील लीड रेन वर्ग ही शर्यत नव्हे, हेही डॉक्टरांच्या निदर्शनास आणून देतो.

शुक्रवार, सकाळी ६.००
प्रेषक: काका

छत्री फटकन उघडली नसती तर काहीच झाले नसते, हे डॉक्टरांनी मान्य केले याचे समाधान वाटले. छत्री कोणाची होती ते मी तीस वर्षांत सांगितलेले नाही आणि आताही सांगणार नाही.

ताईंच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. दोन हात एका तोंडावर, हे मला नाकारता येत नाही. तथापि हनुवटीखालून दोन्ही कड्या जोडणारी पट्टी मिळते. तिच्या मध्यभागी दोरी अडकवली तर ओढ दोन्ही बाजूंना सारखी बसते आणि कडियाळ सरकत नाही. हा मधला मार्ग ताईंनी लक्षात घेतलेला दिसत नाही.

शुक्रवार, सकाळी ८.४५
प्रेषक: पंच-ताई

लक्षात घेतला होता. ओढ सारखी बसते हे खरे, पण ती बसते तोंडावरच.

शनिवार, रात्री ८.२०
प्रेषक: छकुलीची आई

सर्वांचे आभार, विशेषतः ज्यांनी मुद्दा सोडला नाही त्यांचे.

काल संयोजकांना विचारले. दोरी नाकपट्टीला, गवतदोरी चालणार नाही, आणि चालवणाऱ्याच्याही पायांत बूट असावेत. हे पत्रकात का नाही असे विचारल्यावर, आजवर कोणी विचारले नव्हते, असे उत्तर मिळाले.

आज दोन तास सराव केला. पहिल्या दोन फेऱ्यांत छकुलीचे बाबा नेहमीप्रमाणे भोपळ्याच्या पुढे चालत आणि मागे वळून वळून तिच्याकडे पाहत होते. भोपळाही मग थांबून त्यांच्याकडे पाहत राहायचा आणि थांबला की मान खाली घालायचा. ताईंनी त्यांना खांद्याशी उभे केले आणि समोरच्या झाडाकडे पाहत चालायला सांगितले. तेवढ्याने भोपळा चालू लागला. दुडकीत मात्र बाबांचा दम जातो. रिंगणात तेवढे तीस-पस्तीस पावलेच धावायचे आहे, असे ताई म्हणाल्या. उभे राहण्याच्या वेळी त्याने तीनदा मान झुकवली आणि तिन्ही वेळा दोन पावले पुढे नेल्यावर सोडून दिली. चौथ्यांदा बाबा बोलण्यात गुंतले आणि त्याने घास घेतलाच, पण या वेळी छकुलीने आयाळ घट्ट धरली होती. लगामाऐवजी आयाळ धरायची, हे तिला काकांनी शिकवले. होय, काका आले होते. एक फेरी त्यांनी स्वतः चालवली, दोरी नाकपट्टीला होती, आणि कोणीही काही बोलले नाही.

एक अडचण उरली आहे. आमच्या बादलीला तळाशी चीर गेली आहे. कोणाकडे वापरात नसलेली स्वच्छ बादली असल्यास सकाळी सातपूर्वी पागेत पोहोचवता येईल का?

शनिवार, रात्री ८.५५
प्रेषक: काका

सातला मी पागेत येतो. त्याला गाडीत चढवताना माणूस हवा. मागचा अडसर लागेपर्यंत दोरी बांधायची नाही, आणि छकुलीने तेव्हा गाडीत पाऊल ठेवायचे नाही. घोडामैदान जवळच आहे. बादली माझ्याकडे नाही.

शनिवार, रात्री ९.१०
प्रेषक: खजिनदार

मंडळाची निळी बादली गेल्या सहलीपासून परत आलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती थेट पागेत पोहोचवावी; कोणाकडे होती हे मी विचारणार नाही. डॉक्टरांच्या सूचनेनुसार ती आधी धुवावी.

शनिवार, रात्री ९.४०
प्रेषक: चिटणीस

बादली माझ्याकडे आहे. धुऊन आणतो.