किडनी देणारीला एकटीला कोणी विचारले का?

कृष्णाकाठ, सांगली
गेल्या महिन्यात पलूसकडे नात्यातल्या एका घरी गेले होते. घरच्या कर्त्या माणसाचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालते आणि पाणीही मोजून प्यावे लागते. चहा घेताना थोरले दीर म्हणाले, "हिचा रक्तगट जुळला, काळजी मिटली." रुग्णाची बायको ओट्याशी पाठमोरी भाकरी थापत होती, तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा पत्नीला जवळची नातेवाईक मानतो आणि 2014 चे नियम सांगतात की दाती स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी, तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी. पण घरात निकाल आधीच लागलेला असेल, तर प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्यांपुढे ती वेगळे काय बोलणार? समुपदेशकाने तिला एकटीला भेटावे, आणि ती नको म्हणाली तर डॉक्टरांनी घरच्यांना "त्या दाता म्हणून योग्य नाहीत" एवढेच सांगावे.

तासगावची लेक
मी भावाला किडनी दिली आहे, म्हणून हे पटत नाही. भीती म्हणजे नकार नव्हे. मीही आदल्या रात्री रडले होते. "खरंच मनापासून देताय ना?" असे तिसऱ्यांदा विचारले गेले, तेव्हा माझ्या मायेवरच संशय घेतल्यासारखे वाटले. बोचले ते नंतरचे. घरी आल्यावर जो तो त्याची चौकशी करायचा, माझ्या टाक्यांची कोणी केली नाही. शिवाय डॉक्टरांनी खरे कारण झाकले आणि ते पुढे उघड झाले, तर दवाखान्यावर विश्वास कोण ठेवील?

डायलिसिस तंत्रज्ञ, मिरज
मेंदूमृत दात्याची किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावून थांबलेले रुग्ण मी रोज पाहतो. घरातून मिळणाऱ्या किडनीची वाट आणखी अवघड करू नये, असे मला वाटते. मात्र बाकावर डबा घेऊन बसलेल्या बायकाच तपासणीला पुढे होतात, नवरे फारच क्वचित, हेही नाकारता येत नाही.

कृष्णाकाठ, सांगली
खोटे सांगा असे माझे म्हणणे नाही. जिची इच्छा नाही ती योग्य दाता नाही, हे खरेच आहे. ताई, तुमच्या टाक्यांचे वाचून परवा मुद्दाम तिच्याकडे पुन्हा गेले आणि तिला एकटीला गाठले. किडनी दिल्यावर दरवर्षी रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळते) तपासायचे असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ती एवढेच म्हणाली, "माझ्या तपासणीला कोण नेणार?"