मदत हवी आहे: गोव्यातल्या नवराबायकोचा रिटर्न, शेड्यूल ५अ आणि टीडीएस

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. यंदा आयकर रिटर्न स्वतःच भरायचा म्हणून बसलोय. माझा पगार, फोंड्यातल्या एका खोलीचं भाडं आणि एफडीचं व्याज, एवढाच पसारा. वाटलं, आयटीआर-१ या साध्या फॉर्ममध्ये तासाभरात काम फत्ते.

पण आपल्याला पोर्तुगीज नागरी संहिता लागू. आयकर कायदा १९६१ च्या कलम ५अ प्रमाणे पगार ज्याचा त्याचा, बाकीचं उत्पन्न मात्र नवराबायकोत निम्मंनिम्मं. म्हणजे आयटीआर-१ बाद, आयटीआर-२ घ्या, वर शेड्यूल ५अ, म्हणजे या वाटणीचा तक्ता, भरा. ज्या ॲपवर 'फुकट' लिहिलं होतं, तिथे फॉर्म बदलताच पैसे मागितले, आणि हिचा रिटर्न धरून ते दोनदा. मग सीए काय वाईट?

खरी गोची टीडीएसची, म्हणजे व्याज देतानाच कापलेल्या कराची. एफडी माझ्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे बँकेने कापलेला सगळा टीडीएस माझ्याच पॅनवर, २६एएसमध्ये (कापलेल्या कराचा सरकारी उतारा) हिच्या नावापुढे शून्य. व्याज निम्मं हिच्याकडे दाखवलं की टीडीएसही निम्मा तिकडे जायला हवा. मी शेड्यूल ५अ मध्ये वाटणी दाखवली आणि हिने तिच्या रिटर्नमध्ये माझा पॅन टाकून निम्मं क्रेडिट मागितलं, तर ते सरळ मिळतं का? की नोटीस येते? बँकेला आधी काही लिहून द्यावं लागतं?

गोव्यातल्याच कोणी हे स्वतः केलं असेल तर सांगा. बाहेरचे मित्र 'अरे, एक नंबर फॉर्म भर' म्हणून मोकळे होतात. मुदत टळली तर पाच हजारांपर्यंत लेट फी, तीही दोघांना वेगवेगळी!