क्लच बदलायचाय (केमन एस, २००७), पण कोटेशन बघून घाम फुटलाय

चौथा_गिअर
मंडळी, सल्ला हवाय. गाडी पोर्श केमन एस, २००७ची, ३.४ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल. सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकाने कशी चालवली देव जाणे. गेले काही दिवस चढावर पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात. पेडलही जड झालंय, डावा पाय भरून येतो.

गॅरेजवाल्याला म्हटलं, क्लच प्लेट बदलायचा खर्च सांगा. त्याने यादीच दिली: क्लच किट (प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग), ड्युअल मास फ्लायव्हील (क्लच ज्यावर दाबला जातो ते इंजिनमागचं दुहेरी जड चाक), क्रँकचं मागचं ऑइल सील, आयएमएस बेअरिंग (इंजिनच्या आतल्या इंटरमीडिएट शाफ्टचं), स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा), वर मजुरी. एकट्या फ्लायव्हीलची किंमत अख्ख्या किटपेक्षा जास्त! यातलं खरंच लागणारं काय आणि 'गाडी पोर्श आहे, मालक देईल' म्हणून लावलेलं काय?

काळे_हात
आधी एक विचारतो. क्लच घसरतोय हे पक्कं केलंत का? इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून एकदम पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम आणि वेग सोबत वाढले तर क्लच धरतोय. नुसता काटा पळाला तर घसरतोय. एकदा-दोनदाच करा, उगाच जाळू नका. गिअर पडताना खरखर होत असेल किंवा पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, तर तो वेगळा आजार. तेव्हा आधी हायड्रॉलिक लाइन बघायची, प्लेट नव्हे. तुमच्या वर्णनावरून मात्र गेलाच आहे असं दिसतंय. जड पेडल हे जुन्या प्रेशर प्लेटचं लक्षण.

आता खर्च. प्लेट म्हणजे घर्षणाचं अस्तर लावलेली एक चकती. पैसे जातात ते तिच्यापर्यंत पोचायला. केमनमध्ये इंजिन मधे आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. एक्झॉस्टचे डबे, आडवे-तिरपे ब्रेस, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, गिअरच्या केबल हे सगळं सोडवायचं, इंजिनला खालून टेकू द्यायचा, मग गिअरबॉक्स मागे ओढून खाली. हात बसलेल्या माणसाचाही जवळजवळ अख्खा दिवस जातो. हा दिवस तुम्ही नुसती प्लेट बदला नाहीतर सोबत फ्लायव्हील आणि सीलही बदला, जवळपास तेवढाच. यादीकडे बघताना हे डोक्यात ठेवा.

हाच हिशोब गाडीगणिक बदलतो. माझ्दा एमएक्स-५चा गिअरबॉक्स खालून सरळ उतरतो, तेवढी पीपीएफची (गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल जोडणारी) लांब तुळई आधी काढावी लागते. कॉर्व्हेटमध्ये १९९७च्या सी५पासून २०१९च्या सी७पर्यंत गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, क्लच पुढे इंजिनला आणि मधे टॉर्क ट्यूब (दोघांना जोडणारी नळी). म्हणजे मागचा सगळा पसारा उतरवल्याशिवाय प्लेट दिसतसुद्धा नाही. जुन्या एअर-कूल्ड ९११ला बहुतेक लोक इंजिनच खाली घेतात. आणि गंमत म्हणजे फेरारी ३५५चा क्लच गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असल्याने गिअरबॉक्स न उतरवता निघतो. तिथे मजुरी कमी, रडवतात ते पार्ट.

(अवांतर: पोर्शच्याच करेरा जीटीचा सिरॅमिक क्लच जेमतेम १६९ मिमी व्यासाचा आहे. त्याचं बिल मात्र कुणी दाखवू नका, बीपी वाढतं.)

नट_बोल्ट_नाना
वरच्या प्रतिसादाला +१. पण यादीत एक गोष्ट खटकली. आयएमएस बेअरिंग २००७च्या केमन एसला?

बदलता येणारं बेअरिंग त्याआधीच्या इंजिनांत. २००६ ते २००८च्या इंजिनांत ते मोठ्या मापाचं आहे, आणि इंजिनचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बाहेरच येत नाही. क्लचच्या कामात ते 'बदलून देतो' म्हणणारा एकतर जुन्या मॉडेलची यादी तुमच्या नावावर छापतोय, नाहीतर न केलेल्या कामाचे पैसे लावतोय. फ्लायव्हील निघालंच आहे तर काही जाणकार त्या बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनचं तेल थेट आत पोचतं. तेही इंजिन टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असताना) लॉक करूनच. आणि त्याची किंमत बेअरिंगएवढी नसते! २००९च्या नव्या इंजिनात तर ही भानगडच ठेवलेली नाही.

त्याला फोन करा आणि फक्त एवढंच विचारा: "हे बेअरिंग काढणार कसं?" उत्तरावरून गॅरेज कळेल.

अर्धा_क्लच
माझा अनुभव सांगतो. गाडी दुसरी होती, पण ड्युअल मासच. पैसे वाचवायला फ्लायव्हील जुनंच ठेवलं, नवा किट बसवला. वर्ष व्हायच्या आत गाडी उचलताना थरथर आणि बंद करताना खळखळ सुरू झाली. पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा तीच मजुरी. फ्लायव्हीलचे वाचवलेले पैसे आणि वर तेवढेच अजून गेले. डोळे झाकून बदला.

काळे_हात
@अर्धा_क्लच, डोळे झाकून नको हो, उघडे ठेवून. ड्युअल मासमध्ये दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा असतात. हाताने फिरवलं की थोडं फिरून स्प्रिंगच्या जोराने परत यायला हवं. ढिला खेळ, खडखड, बाहेर आलेलं ग्रीस, तोंडावर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर नवं घ्या. प्रत्येक मॉडेलला खेळाची मर्यादा दिलेली असते, मोजून घ्या. सगळं मर्यादेत असेल तर राहू द्या. पण लेथवर घासून सपाट करून देतो म्हणाला तर 'नको' म्हणा. ते एकसंध फ्लायव्हीलला शोभतं. बोल्ट मात्र नवेच. आणि उघडल्यावर मालकाला बोलावून फ्लायव्हील दाखवायचं, हे आधीच ठरवून घ्या.

क्रँकचं मागचं सील तर बदलाच. किंमत किरकोळ, आणि पुढे गळलं तर तेल नव्या प्लेटवर. तेल पडलेला क्लच कितीही नवा असो, घसरणारच. स्लेव्ह सिलिंडर बाहेरून बोल्टने लागतो. गळत नसेल तर तेवढ्यात वाचवा, क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमधलं तेल मात्र नवं भरून हवा काढा. निस्सान ३७०झीवाल्यांना हा सल्ला देणार नाही, तिथे तो बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या भागाच्या) आत बसतो आणि कुप्रसिद्ध आहे.

लाल_रेषा
रच्याकने, उघडताच आहात तर हलकं सिंगल मास फ्लायव्हील आणि रेसिंग क्लच टाका. इंजिन काय पटकन फिरतं म्हणून सांगू!

नट_बोल्ट_नाना
आणि न्यूट्रलला उभी असताना गिअरबॉक्स डब्यातल्या खिळ्यांसारखा वाजतो, तेही सांगा की. पक (अस्तराऐवजी घर्षणाचे सुटे तुकडे) असलेली सिरॅमिक प्लेट गर्दीत अर्ध्यावर धरताच येत नाही, एकतर सुटलेली नाहीतर पकडलेली. ट्रॅकवर सुख, रोजच्या रस्त्यावर शिक्षा. ह.घ्या. चौथा_गिअर, इंजिन स्टॉक (कंपनीतून आलं तसंच) असेल तर स्टॉक क्लचच घ्या. पोर्शला क्लच सॅक्सकडून येतात. सॅक्सच्या डब्यातला किट पोर्शच्या डब्यातल्यापेक्षा स्वस्त पडतो, पार्ट नंबर जुळवून घ्या.

चौथा_गिअर
उशिरा लिहितोय, पण काम झालं. आधी फोन केला. "बेअरिंग काढणार कसं?" विचारल्यावर पलीकडे शांतता, मग "ती ओळ चुकून राहिली, साहेब." त्या गॅरेजला रामराम केला. दुसऱ्याने मी न विचारताच तेच सांगितलं की या वर्षाच्या गाडीला ते बदलत नाहीत.

उघडल्यावर बोलावलं. प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती, नवं घेतलं. बेअरिंगचं सील काढायचं का हे दोघांत बराच वेळ चाललं, शेवटी आहे तसं राहू दिलं. स्लेव्ह सिलिंडर कोरडा निघाला, वाचला. क्रँकचं सील बदललं. किट सॅक्सचा. बेअरिंग आणि स्लेव्ह यादीतून वगळल्यामुळे बिल पहिल्या कोटेशनच्या बरंच खाली आलं, तरी ढोबळ सांगायचं तर फ्लायव्हील आणि मजुरी हेच दोन आकडे डोळ्यांत भरतात. प्लेट बिचारी तळाशी कुठेतरी.

काळे_हात
अभिनंदन! पहिले काहीशे किलोमीटर जोरात उचलू नका, प्लेट बसू दे. थांबल्यावर न्यूट्रल करा, पेडल दाबून उभं राहू नका. रिलीज बेअरिंग नवं आहे, नवंच राहू दे.

चौथा_गिअर
जोरात कसली उचलतोय! पेडल इतकं हलकं झालंय की गॅरेजमधून निघाल्यावर पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून स्वागत केलं.